रांगोळीचा पलंग

आत्याबाई कुणाच्याही घरी गेल्या की टेकायच्या आधी नळ सोडून पाहत. पाण्याला जोर किती आहे हे कळलं की मोरीपाशी वाकून वास घेत, दार दोनदा उघडून लावत, भिंतीवर बोटांनी टकटक करत आणि मग कुठे "कसं हाये बापा सारं?" म्हणून विचारत. लग्नघर असो, बारसं असो, हा क्रम चुकत नसे. एकदा कुणाच्या तरी सोयरिकीसाठी मुलाचं घर पाहायला गेल्या आणि परत येऊन मुलाविषयी एवढंच बोलल्या, "पोरगा बरा दिसते, पन न्हानीचं पानी घरात येऊन राह्यलं." ते लग्न झालं. मात्र आधी न्हाणीचा उतार दुरुस्त झाला.

माझ्या सासऱ्यांची ही मोठी बहीण. केळझरला त्यांची शेती. वांगी, टमाटर, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्या जुड्या असा माल घेऊन त्या बाजाराच्या दिवशी वर्ध्याला येत. उंचीने ठेंगण्या, आवाजाने उंच. बसमध्ये त्यांच्याजवळ बसलेल्या माणसाला उतरेपर्यंत स्वतःच्या घराबद्दल चार गोष्टी नव्याने कळलेल्या असत.

मी आणि सुधीरने लग्न केलं ते नोंदणी करून. तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. माझं माहेर नाचणगावचं. माझ्या घरच्यांनी थोडं रडून मान्य केलं, सासूबाईंनी मात्र बोलणंच टाकलं. नालवाडीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. आत गेलो तर एक ओटा, एक माळा आणि आधीच्या भाडेकरूने भिंतीत सोडलेला एक खिळा. बोललं की आवाज घुमून परत येई. पहिले काही दिवस आम्ही त्या आवाजाचीच गंमत करत होतो.

मग कुणीतरी माझ्या कानावर घातलं, की सासूबाई म्हणाल्या, "घरात सराटा नाई अन् संसार करून राह्यले." उलथनं घरात नव्हतं हे खरंच होतं. पण ते मला लागलं. त्या येतील तेव्हा घर भरलेलं दिसलं पाहिजे असं मी मनात पक्कं केलं. दुकानात जाऊन खालून पेटीचा मोठा पलंग, कोपऱ्यात वळणारा सोफा, काचेचं टेबल आणि तीन दारांचं कपाट असं सगळं हप्त्यावर ठरवलं. रविवारी सामान येणार होतं. शनिवारी दुपारी आत्याबाई आल्या.

डोक्यावर वांग्यांचं पोतं, काखेत सतरंजी, हातात केर काढायचा नवा शिंदीचा फडा. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं. मनात आलं, सासूबाईंनी पाठवलं असणार, घर बघून यायला. मी पाया पडले. त्या "राहू दे, राहू दे" म्हणत थेट नळाकडे गेल्या.

नळ, मोरी, दार, भिंत, सगळं बघून झाल्यावर त्यांनी फडा माझ्या हातात दिला. "घरात पहिले हा येते. मंग मानूस." सुधीरने मोठ्या हौशीने मोबाइलवर त्यांना सोफा दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लय साजरा हाये. ठेवसान कुठी?"

"इथं," मी हात केला.

"अन् पलंग?"

"आतल्या खोलीत."

"रांगोळी हाये का वं घरात?"

रांगोळी नव्हती. खालून घरमालकीणबाईंकडून आणली. सुधीरने मोबाइलवरून मापं वाचायची आणि आत्याबाईंनी विती मोजत फरशीवर रेघा ओढायच्या, असं सुरू झालं. बघता बघता पलंग झाला, सोफा झाला, मध्ये टेबल झालं. कपाटाची दारं उघडल्यावर कुठवर येतील तेसुद्धा त्यांनी अर्ध्या गोलाने काढलं. मग हात झटकून दारात उभ्या राहिल्या. "हं. आता करा संसार. चाला."

आम्ही चालायला लागलो. सुधीर खिडकी उघडायला निघाला.

"पाय गेला न सोफ्यात!" आत्याबाई ओरडल्या.

मी आतल्या खोलीत गेले. गॅलरीचं दार उघडलं तर ते पलंगावरून फिरलं. कपाट उघडायचं म्हटलं तर पलंगावर चढूनच उघडावं लागत होतं. आम्ही दोघं अंग चोरून, पोटं आत घेऊन रेघांच्या मधून जात होतो. तेवढ्यात मोटर लावतो आहे हे सांगायला घरमालक काका वर आले. रांगोळीच्या चौकटी आणि त्यांतून तिरपे चालणारे आम्ही नवरा-बायको बघून ते उंबऱ्यातच थांबले.

"काही पूजा आहे का?"

"हो. या न," आत्याबाई म्हणाल्या, "पन सोफ्यावरून येऊ नोका."

आणि काका खरंच सोफ्याला वळसा घालून आले! सगळा प्रकार कळल्यावर त्यांनीच सांगितलं, की आधीच्या भाडेकरूचं साधं कपाटसुद्धा जिन्यात वळलं नव्हतं, दोर लावून गॅलरीतून वर ओढावं लागलं होतं. सुधीरने तिथूनच दुकानाला फोन लावला. दुकानदार बराच बोलला. सुधीर "हो भाऊ, हो भाऊ" म्हणत राहिला आणि सोफ्यासकट सगळं सामान रद्द झालं.

मला रडू आलं. "मग आई येतील तेव्हा काय दाखवू मी?"

आत्याबाईंनी पदराने रांगोळी पुसायला घेतली होती. मान वर न करताच म्हणाल्या, "दुकान हाये का दाखवाले? राहा न पोरी आधी. घर आपोआप सांगते काय पायजे ते."

त्या दिवशी त्यांनी आम्हाला बाजारात नेलं. एक दणकट बादली, डाळ शिजवायला एक जाड बुडाचा गंज, एक लोखंडी कढई, तवा, विळी, सराटा आणि घराला चांगलं कुलूप. गंज घेताना तो उलटा करून त्यावर असे काही ठोके दिले, की दुकानदाराने बाकीचे गंज हळूच मागे सरकवले. "भांडे कमी घेजो पन जाड घेजो. पातयं भांडं डाळ जाळते अन् मंग नवरा-बायकोत भांडन लावते." दोनच ताटं पुरे असं त्यांनी म्हटल्यावर मी विचारलं, पाहुणा आला तर? त्या म्हणाल्या, "तो जेवन तवा तुमी वाढसान. तुमचं ताट कायले पायजे?"

घरी आल्यावर सुधीरला भिंतींचे, फरशीचे, नळांचे फोटो काढायला लावले. "उद्या मालक म्हनन, हे भोक तुमीच पाडलं. तुह्या फोनात राहू दे." हे त्या घरमालक काकांसमोरच म्हणाल्या आणि लगेच त्यांच्या हातात वांगी ठेवली. उरलेली वांगी माझ्याकडून शेजारीपाजारी वाटून घेतली. शेजारणीकडे पहिल्यांदा जाताना काही मागायला जाऊ नये, द्यायला जावं, असं त्यांचं म्हणणं. ते मला नुसतं गोड बोलणं वाटलं होतं. पण संध्याकाळच्या आत शिडी, हातोडी, दूधवाला आणि कामाला येणारी बाई, सगळ्यांचा पत्ता लागला.

त्यांचं सगळंच बरोबर असे असं मात्र नाही. सुधीरने जुना विकत आणलेला कूलर त्यांनी पुढच्या एका बाजाराच्या दिवशी हट्टाने मागच्या खिडकीत बसवायला लावला. वारा तिकडूनच येतो म्हणे. पहिल्याच दुपारी त्याचं पाणी खाली घरमालकीणबाईंनी वाळत घातलेल्या पापडांवर ठिबकत राहिलं. पापडांचा लगदा झाला. बाई खालून बोलत होत्या आणि आत्याबाई खिडकीत उभ्या राहून शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चुकलं बाई माह्यं. पन हवा कशी गार येऊन राह्यली, वर येऊन पाहा त खरं." बाई वर आल्या, कूलरसमोर बसल्या, चहा घेऊन गेल्या. कूलर दुसऱ्या दिवशी पुढच्या खिडकीत गेला.

सासूबाई आल्या त्या न सांगता. सासऱ्यांबरोबर वर्ध्याला कुणाकडे आल्या होत्या, तशाच, सासऱ्यांना खाली ठेवून, वर चढल्या. बाजाराचा दिवस असल्याने आत्याबाई आमच्याकडेच टेकल्या होत्या. मी दार उघडलं. घरात सतरंजी होती, ओट्यावर चार भांडी होती, दोरीवर कपडे होते. बाकी सगळी मोकळी फरशी.

सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा घरभर नजर फिरवली.

"बसाले काई नाई का?"

आत्याबाई सतरंजीवरून सरकल्या. "बस शोभा. आनलं नाई त्याहीनं काई अजून. पलंग कुठी ठेवावा हेच समजून नाई राह्यलं. तू सांग."

मला वाटलं, झालं, आता बोलतील. पण सासूबाईंनी चपला काढल्या. सतरंजीवर न बसता आतल्या खोलीत गेल्या. खिडकी उघडून पाहिली, गॅलरीचं दार ओढून पाहिलं. मग त्यांनी मला हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदा.

"ये इकडे. सकाळचं ऊन कुठून येते?"

मी दाखवलं.

"मंग इकडे उसं करू नोको. सुधीरच्या डोयावर ऊन आलं का तो दिवसभर चिडचिड करते. लहानपनापासून."

मी म्हटलं, "हो, चिडतो खरा." त्या माझ्याकडे बघून किंचित हसल्या. मग आम्ही दोघी त्या खोलीत किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. भिंती त्याच, कोपरे तेच, पण बोलायला केवढं होतं! पुढच्या आठवड्यात सासऱ्यांनी एक गादी आणून टाकली. घरच्या कापसाची, पिंजाऱ्याकडून सासूबाईंनी स्वतः समोर बसून भरून घेतलेली. पलंग नंतर पुष्कळ महिन्यांनी आला, साधा, जिन्यात वळेल असा. तोवर ती गादी जमिनीवरच होती आणि सुधीर एकदाही उन्हाने चिडला नाही.

पुढे आमचा संसार वाढत गेला तशा आत्याबाई थकत गेल्या. बाजाराला येणं सुटलं. त्यांच्या मुलाने केळझरच्या घरालगत स्लॅबची एक नवी खोली काढली आणि ती त्यांना दिली. त्यांचा फोन आला, "येऊन जाजो वं एकदा." मी गेले. खोली चुन्याच्या वासाची, पूर्ण रिकामी. आत्याबाई मधोमध उभ्या होत्या, हात मागे बांधून.

"कुठं काय ठेवायचं, आत्याबाई?" मी विचारलं.

त्यांनी कोऱ्या भिंतीवरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मले हे कोनं कवाच इचारलं नाई. लग्न होऊन आली त चूल मांडेल होती, उखळ गाडेल होतं, खुंट्या ठोकेल होत्या. सासूचे हात लांब, त खुंट्या उंच. जलमभर टाचा उचलून लुगडं टांगलं म्या."

मुलाने खुंट्यांसाठी खिळे आणले होते. आत्याबाईंनी भिंतीला पाठ लावली, हात सहज वर केला आणि मी तिथे पेन्सिलीने खूण केली. खुंट्या इतक्या खाली आल्या, की मुलगा हसायला लागला. मग बाज. तो म्हणाला, भिंतीकडे लाव, वाट मोकळी राहील. आत्याबाईंनी ती दाराच्या अगदी समोर, आडवी लावून घेतली. "मले रस्ता दिसला पायजे. कोन आलं, कोन गेलं. तुमी जा न बाजूनं."

त्या बाजेवर त्या सुखाने लोळल्या. जाणाऱ्या-येणाऱ्याला तिथूनच हाका मारायच्या, कुणाच्या घराला रंग लागला, कुणाचा नळ गळतो, सगळं तिथूनच विचारायच्या. गेल्या हिवाळ्यात, वांग्याचा तोडा चालू असताना, दुपारच्या झोपेतच गेल्या.

परवा केळझरला गेले तर खोलीत तुरीची पोती रचलेली होती. बाज तिथेच, दारासमोर आडवी. मुलाला म्हटलं, पोती नेता-आणताना अडचण होत असेल. तो म्हणाला, "होते न वहिनी. रोज गुडघा आपटते." आणि पोतं खांद्यावर घेऊन, अंग चोरून, बाजेला वळसा घालून आत गेला.