डाव्या कानातला दडा

तळहात कानावर दाबायचा आणि बाटलीचं बूच काढावं तसा झटकन ओढायचा. मग मान तिरकी करून थोडं थांबायचं. "सुटंल. दडाच तर बसलाय." तात्यांची ही लकब तुम्ही पाहिली असती, तर तुमचाही हात नकळत कानाकडे गेला असता.

तात्या आमच्या बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळायचे. रत्नागिरीच्या बंदरालगत हा कारखाना. बोटी समुद्रात जाण्याआधी इथून बर्फ भरतात. मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली, पुढे कामाच्या शोधात इतक्या लांब आलो. पहिल्याच दिवशी तात्या म्हणाले, "काय रे घाटी, लादी उचलतोस की तिच्याकडं बघून थंडी भरली?" सगळे हसले. मला रडू येत होतं.

त्याच आठवड्यात मासेमारीचा हंगाम सुरू झाला. मशीनपुढे नारळ ठेवून तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. एकाने देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं, ही इथली रीत. बोटींचं झालं, मालकांचं झालं, मग म्हणाले, "बा देवा, ह्यो गडी लांबसून आलाय. त्याच्या हातापायाला जप. तिकडं आईच्या जिवाला घोर नको." सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय महाराजा." माझ्यासाठी तोवर कुणी काही मागितलं नव्हतं.

पुढे थंडीत एका सकाळी तात्या उठले तो डावा कान बंद. सर्दीही नव्हती. त्यांनी कोमट खोबरेल घातलं, वाफ घेतली, नाक धरून गाल फुगवले. कुणी लसणीचं तेल सुचवलं, कुणी काडी पुढे केली. मला धास्ती वाटायची. रोज विचारायचो, "तात्या, दाखवून येऊ या का?"

"घाटी, तू माजी आई काय रे?"

असं करता करता महिना गेला. मधेच पाइपला धरून उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "उपाशी हाय म्हणून गरगरतंय."

एका दुपारी वीज गेली. मशीन थांबलं आणि लाद्यांचं पाणी ठिबकल्याचा आवाज तेवढा राहिला. तात्या मशीनवर पंजा टेकवून उभे होते. मला हळूच म्हणाले, "बंद हाय ना रे ह्या?"

"हो."

"माज्या कानात चालू हाय."

मी त्यांना न विचारता रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी कानात उजेड टाकून पाहिलं, ऐकण्याची तपासणी केली. मळ नव्हता, पाणी नव्हतं. आतली नसच गेली होती. "सर्दीचा दडा आठवडाभरात सुटतो, नाही सुटला तर दाखवायचं," त्या म्हणाल्या. "दुखलं, वाहिलं तर तेवढंही थांबायचं नाही. आणि एकच कान असा अचानक गेला, आवाज आला, चक्कर आली, तर त्याच दिवशी यायचं. तेव्हा औषधाने परत येण्याची आशा असते. तेल, काडी काही घालायचं नाही."

तात्यांनी उजवा कान पुढे करून सगळं ऐकलं. "दुसरा हाय की," म्हणाले. जिना उतरताना मात्र त्यांनी माझा हात धरला, तो रस्त्यावर येईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या हंगामाला ते मशीनकडे तोंड करून उभे राहिले, आम्ही नेहमीसारखे त्यांच्या डाव्या हाताला. मशीन चालूच होतं. पहिलं मागणं झालं. आम्ही म्हणालो, "व्हय महाराजा." तात्या थांबूनच होते. मग तेच मागणं त्यांनी पुन्हा केलं, आवाज जरा पडलेला. त्यांना वाटलं, कुणी साथच दिली नाही. एकेक जण चप्पल न वाजवता उजवीकडे सरकला. तिथून पुन्हा म्हणालो. तात्यांनी मान हलवली आणि पुढचं मागणं घेतलं. त्या मागण्यात मीही होतो.

चक्कर येणारा माणूस मशीनपाशी नको, म्हणून मालकांनी दिवाळीनंतर त्यांना घरी बसवलं. ते बुरोंडीला लेकीकडे गेले. आता सर्दीने माझा कान जरा बंद झाला आणि आठवड्यात सुटला नाही, की मी दाखवून येतो. लोक हसतात, हसू देत.

यंदा गाऱ्हाणं दुसऱ्याने घातलं. बोटींचं झालं, मालकांचं झालं, नारळ फुटला. शेवटचं 'व्हय महाराजा' म्हणताना माझ्या लक्षात आलं, आम्ही सगळे उजव्या बाजूला दाटीवाटीने उभे होतो. डावीकडची जागा मोकळी होती.