पुतळ्यासमोरचं घर

ऑइलपेंटचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका चौकात आमच्या मामाच्या पुतळ्याचं अनावरण होतं. मामा मुलांसाठी गोष्टी लिहायचा आणि रोज संध्याकाळी त्या चौकातल्या एका घराच्या ओट्यावर बसून पोरांना सांगायचा, म्हणून ओट्यावर बसलेला सिमेंटचा मामा केला होता. त्याला दिलेला तांब्यासारखा रंग अजून वाळला नव्हता, आणि उन्हात त्याचा वास घशात बसत होता. त्या घराचे मालक माइकवर म्हणाले, "ते तर आमच्या घरचेच होते." पहिल्या रांगेतली मामी उठली. "घरचे होते त खोली काहून नाही देल्ली? आडनाव ऐकून दार लावलं तुम्ही. जित्या माणसाले खोली नाही, अन् आता चौक देऊन राहिले." मालकांनी हसत तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि फोटो काढून घेतला. परवा माझ्या मुलीनं त्याच चौकातल्या भाड्याच्या खोलीसाठी फोन केला. मालकांच्या मुलानं अभिमानानं पत्ता सांगितला, पुतळ्यासमोरचंच घर, आणि मग तिचं आडनाव विचारलं.