कोलशेतचं हॉटेल आणि बाबांचा बॉयलर

जायचं मी टाळत होते. कोलशेतला खाडीजवळ उभ्या राहिलेल्या आलिशान हॉटेलात सायली देखभाल विभागाची प्रमुख आहे. आम्ही दोघी एकाच वर्गात मेकॅनिकल शिकलो, त्या जागेसाठी मुलाखतही दोघींनी दिली. निवड तिची झाली. खंडेनवमीला तिने जेवायला बोलावलं आणि माझ्याआधी बाबाच ‘हो’ म्हणाले. हॉटेलच्या जागी पूर्वी रसायनांची कंपनी होती. बाबा तिथे बॉयलरवर होते.

डोंबिवलीहून गाडीने जाणार असाल तर शीळफाट्याच्या नादी लागू नका, माणकोली पुलावरून जा. माजिवड्याला मात्र अडकायची तयारी ठेवा.

लॉबी उंच, पांढऱ्या दगडाची. खोटं कशाला बोलू, मी दोष शोधतच आत शिरले. एसीचा आवाज नाही, झोत अंगावर येत नाही, लिफ्ट थांबलेली कळतही नाही. भिंतींवर कंपनीच्या काळातले फोटो. जुनं बॉयलर-हाऊस न पाडता तिथेच रेस्टॉरंट केलंय. मधोमध तोच बॉयलर, झेंडूच्या माळा घातलेला. कंपनीत खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची. ती हॉटेलने चालू ठेवली आहे. बुफे खिशाला जड आहे, टेबल आधी सांगून ठेवावं लागतं. भरली वांगी मात्र चुकवू नका.

शेवटी एक चूक सापडली.

“सायली, बॉयलर थंड आणि प्रेशर गेजचा काटा अर्ध्यावर?”

“अगं, काकांनीच तिथे लावायला सांगितला. कंपनी बंद झाली त्या दिवशी शेवटचं प्रेशर तेवढंच होतं. हो ना काका?”

बाबा वांग्यात लक्ष घालून म्हणाले, “जेव आता.”

तेवढ्यात वेटर आला. “काका, आज ताक नको?”

परतताना पुलावर मी विचारलं, “किती वेळा गेलेलात तिथे?”

“मोजलं नाही. तुला लागेल म्हणून बोललो नाही.”

“काट्याचं मला कधी सांगितलं नाहीत.”

“तिने विचारलं गं.”

हॉटेल बघण्यासारखं आहे, हे प्रामाणिकपणे लिहिते. घरी येऊन चहा टाकला आणि बाबांना विचारलं, त्या शेवटच्या दिवशी काय झालं? ते लगेच सांगू लागले. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, त्यांना नेमकं ठाऊक होतं. गोष्ट सुंदर होती. सांगून सांगून घोटलेली.