एकाच उशिराचे दोन शेरे

आमच्या रुग्णालयात दर महिन्याला एका डॉक्टरचे केसपेपर दुसरा डॉक्टर तपासतो. उपचार करणाऱ्याचं नाव झाकायचं, असं आता कुठे ठरलंय. काल रेकॉर्ड विभागातल्या शिंदेबाई प्रत्येक नावावर कागदाची पट्टी चिकटवत बसल्या होत्या.

"मॅडम, नाव झाकलं, पण अक्षराचं काय करू? मोठ्या सरांचं अक्षर लिफ्टमनसुद्धा ओळखतो."

"मग टाइप करून घ्या."

"एवढं सगळं? त्यापेक्षा माझी बदलीच करा!"

मी हसले, पण ते हसू टिकलं नाही. काही वर्षांपूर्वी, नावं उघडी असायची तेव्हा, दोन पेपर माझ्याकडे तपासायला आले होते. दोन्हींत अपेंडिक्सचं निदान एक दिवस उशिरा झालेलं. दोन्ही रुग्ण वाचले होते. मोठ्या सरांच्या पेपरवर मी लिहिलं, 'लक्षणं फसवी होती.' नवीन आलेल्या कविताच्या पेपरवर लिहिलं, 'तपासणीत हयगय.' लिहिताना दोन्ही शेरे मला सारखेच प्रामाणिक वाटले. सरांनी मला शिकवलं होतं आणि कविता मला जरा आगाऊ वाटायची, इतकंच. मुद्दाम अन्याय करणाऱ्याला निदान आपण काय करतोय हे ठाऊक असतं. मला तेही नव्हतं.

त्या शेऱ्यानंतर कविताची नेमणूक पुढे वाढवली नाही. जाताना ती माझ्याकडे आली होती. "मॅडम, माझ्याकडून नेमकं काय बघायचं राहिलं?"

खरं उत्तर 'काही नाही' असं होतं. मी म्हटलं, "यापुढे काळजी घेत जा," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.