ठळक आकडे

लॅबच्या बाकावर शेजारी बसलेल्या मुलीने रक्ताचा रिपोर्ट उघडला आणि तिचा चेहरा खुलला. "काका, बघा ना, एकही आकडा ठळक नाही. म्हणजे बाबांना न्यूमोनिया नाही!"

रिपोर्ट असाच वाचायची आपली रीत. बिघडलेलं तेवढं ठळक छापलेलं असतं. बाकीचं कुणी वाचत नाही. माझ्या पत्नीचा रिपोर्ट मीही तसाच वाचला होता. "पांढऱ्या पेशी हव्यात तेवढ्याच आहेत," मी तिला म्हणालो.

"मग हा खोकला कुणाचा?" तिने विचारलं. आम्ही दोघंही हसलो, आणि डॉक्टरांकडे जाणं दोन दिवस लांबलं. उतारवयात फुफ्फुसात जंतू पसरले तरी कधी कधी त्या पेशी वाढत नाहीत, हे मला ती गेल्यावर कळलं. थकलेलं शरीर तक्रारसुद्धा करत नाही.

"बाबांना धाप लागते का?" मी मुलीला विचारलं.

"हो, नुसतं बोलतानाही."

"मग आत्ताच डॉक्टरांकडे न्या. रिपोर्ट चांगला असला तरी."

तिचं हसू मावळलं. ती घाईने निघून गेली. मी बसून राहिलो. जिच्यासाठी घाई करावी, अशी माझ्या घरी आता कुणी नाही.