बॅटरीची दोन शिंगं

बुधवार, ४ नोव्हेंबर १९३६. जालना.
फटफटीचा दिवा आजही लागला नाही. अंधाराच्या आत घरी पोचायचं म्हणून हे धावड्याची निम्मी जनावरं तपासायची सोडून आले. रायभान येऊन बॅटरी काढून घेऊन गेला. रविवारी सकाळी बद्रीनाथ शेठ पाहायला येणार. गव्हात किडे झाले, उन्हात घातला.

रायभान कोण, हे मी त्या दिवशी लिहिलं नव्हतं. तेव्हा ते सगळ्या पेठेला माहीत होतं. आता ते माहीत असणारं माणूस मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

माझे यजमान गुरांचे सरकारी डॉक्टर. खात्याने त्यांना मोटारसायकल दिली होती, तिला सगळे फटफटी म्हणत. आमच्या घरामागे बद्रीनाथ शेठचं कापसाचं जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, होतं आणि तिथे रायभान इंजिनाला तेल घालायच्या कामावर होता. त्याचे वडील धावडा गावाकडे मेंढरं राखत. पंधराव्या वर्षी चुलत्याबरोबर लोकरीची गाठोडी घेऊन तो जालन्याला आला, जीनच्या खिडकीतून इंजिन फिरताना पाहिलं आणि परत गेलाच नाही. लोकर मात्र चुलत्याबरोबर परत गेली; विकायची कुणालाच आठवण राहिली नाही. आमची फटफटी तो केवळ हौसेने पुसायचा.

त्या वर्षी जीनचा जुना इंजिनवाला भुजंग डोळ्यांनी अधू होऊन गावी गेला. त्याची जागा रायभानला हवी होती. पण इंजिनाबरोबर जीनमधले विजेचे दिवेही त्यालाच सांभाळावे लागणार होते, आणि शेठला तिथेच शंका होती. आमच्या ओट्यावर बसून ते म्हणाले, "तेलपाणी तू बराबर करतो, रायभान. पण बिजली मेंढरासारखी हाकेला येत न्हाई. ये डाक्टरसाहेबाचा दिवा रविवारपर्यंत लाव. लागला तर जागा तुझी. न्हाई लागला तर मुंबईहून माणूस मागवतो, मंग बोलू नको."

"लावतो," रायभान म्हणाला. शेठ गेल्यावर माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "बाई, लागंल ना?"

दिव्याचं वागणं विचित्र होतं. गाडी उभी असली की दिवा मुळीच लागत नसे. इंजिन सुरू करून वेग दिला की तो एकदम असा पेटे की डोळे दिपावेत, आणि लगेच बल्ब जळून जाई. दोन बल्ब असे गेले होते. यांच्या हाताखालचा कंपाउंडर राधाकिसन सांगत सुटला होता, "बॅटरी मेली. नवी मागवा. उगा त्या तेलवाल्याला कशाला उठाठेव?"

हंगामाआधी जीनचं इंजिन रोज थोडा वेळ चालवून पाहत. त्याच्या डायनामोवर रायभानने बॅटरी दोन दिवस भरली. शुक्रवारी ती डोक्यावर घेऊन आला, चुंबळीवर, घागर आणावी तशी. ओट्यावर ठेवली आणि एका बल्बला बांधलेल्या दोन तारा बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. त्या टोकांना तो शिंगं म्हणायचा. बल्ब लख्ख लागला.

"मेलेली म्हणं," तो राधाकिसनला म्हणाला. "तुमच्या दवाखान्यात असंच करता का? नाडी न बघता खड्डा खांदायचा?"

मग बॅटरी गाडीत बसवली, कळ फिरवली. अंधार. दिव्याच्या मागे काटा होता, बॅटरी भरते की रिकामी होते ते दाखवणारा. तोही जागचा हलला नाही.

आता हसायची पाळी राधाकिसनची होती. "नाडी लागली का, वैद्यबुवा?"

 शनिवारी दुपारी रायभान पुन्हा आला आणि गाडीसमोर उकिडवा बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "साहेब, हे कवापासून चालू झालं?"

हे म्हणाले, "महिना झाला असेल."

"कसला महिना?" राधाकिसन म्हणाला. "पावसाळ्यात चिखलात रुतली होती, तवापासूनच बिघडली."

"मेंढरू आजारी पडलं की आमचा बाप पैल्यांदा हेच इचारायचा," रायभान म्हणाला. "आजार काय ते मागून. आधी कोण्या दिशी चरायचं सोडलं, अन् त्याच्या आदल्या दिशी कुठं नेल्तं."

मी आत जाऊन रोजनिशी आणली आणि मागे मागे जात वाचू लागले. २६ ऑक्टोबर: दिवा लागला नाही. २५: दसरा, गाडी घरीच. २२: हे अंबडहून दिवा लावून साडेसातला घरी, दिवा उत्तम.

"मंजे बावीस ते सव्वीस," रायभान म्हणाला. "मधी काय झालं, बाई?"

मी चोवीसची नोंद वाचली. "खंडेनवमी. रायभानने फटफटी खोलून धुतली, पुसली, शेंदूर लावला. जीनच्या यंत्रांशेजारी उभी करून पूजा. घरी श्रीखंड."

 रायभानचा चेहरा हळूहळू उतरला.

जीनमध्ये खंडेनवमीला सगळी हत्यारं, यंत्रं पूजत. बाकीचे लोक यंत्राच्या तोंडावर शेंदराचं बोट ओढून मोकळे होत. रायभानला ते पटत नसे. राबतो तो आतला पुर्जा, मग पूजा बाहेरच्या पत्र्याला का, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो नट-बोल्ट काढून आतसुद्धा शेंदूर लावायचा. तोही जवसाच्या तेलात कालवलेला, म्हणजे वाळून दगडासारखा पक्का होतो, वर्षभर जात नाही.

त्याने पुन्हा बल्बच्या तारा घेतल्या. एक तार बॅटरीच्या एका शिंगाला धरली. दुसऱ्या शिंगापासून तांब्याची एक पट्टी निघून गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळली होती. दुसरी तार त्या पट्टीला टेकवली. बल्ब लागला. तीच तार बोटभर पुढे सरकवून सांगाड्याच्या उघड्या लोखंडाला टेकवली. बल्ब विझला.

"इथं," तो म्हणाला. "ह्या बोटभरात."

"अरे, मग खोल की," हे म्हणाले.

"उद्या खोलतो, साहेब. शेठच्या समोर."

तो गेल्यावर राधाकिसन म्हणाला, "येडा हाय. आत्ता खरडून टाकला असता तर कोणाला कळलं असतं?" मीही तोच विचार करत होते, हे कबूल करते. नवा दोष शोधून काढला म्हणून जागा मिळाली असती. आपल्याच हाताचा दोष दाखवून ती मिळेल की जाईल, काही सांगता येत नव्हतं.

रविवारी शेठ आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला. रायभानने बोल्ट काढला, त्याच्या आट्यांतही शेंदूर होता; मग पट्टी उचलली. खाली शेंदराचा जाड, तांबडा थर होता आणि त्यात अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला.

"हे कोणाचं काम?" शेठनी विचारलं.

रायभानने आपला अंगठा त्यावर ठेवला. बरोबर बसला.

"माझंच, शेठ. ह्या पट्टीतून बिजली बॅटरीत जाती. शेंदरानं वाट बंद केली. मंग इंजिन चालू झालं की डायनामोचं सारं बळ एकट्या दिव्यावर, म्हणून बल्ब जळून राह्यले. पूजा केली, पर वाटंतच बसवला देव."

त्याने शेंदूर खरडला, लोखंड चकचकीत केलं, पट्टी आवळली. कळ फिरवली. दिवा लागला, भर सकाळी, पिवळा आणि शांत. इंजिन सुरू केल्यावर काटाही भरतीच्या बाजूला गेला.

शेठनी वाकून दिवा पाहिला. मग एकदम ताठ बसले. "अरे, जीनच्या डायनामोमध्ये पण लावला काय?"

"न्हाई. तिथं भुजंगकाकानं हात लावू दिला न्हाई."

"भुजंग शहाणा होता," शेठ म्हणाले, आणि पोट धरून हसायला लागले. "मुंबईचा माणूस बॅटरीला दोष देईल, डायनामोला देईल, मला देईल. स्वतःचा अंगठा बिलकुल दाखवणार न्हाई. जागा तुझी. पण ऐक, शेंदूर फक्त बाहेर. आत न्हाई."

रायभान तरीही घुटमळला. "मंग आतल्या पुर्ज्याची पूजा?"

"बोल्टाच्या डोक्यावर लाव," हे म्हणाले. "वरून लावलास तरी त्याला पोचेल."

हे त्याला पटलं. पुढे बारा हंगाम तो त्या इंजिनावर होता. रझाकारांच्या धामधुमीत निम्मी पेठ गाव सोडून गेली, तेव्हाही तो रोज जाऊन इंजिनाला तेल घालून यायचा. आणि दर खंडेनवमीला आमच्या फटफटीच्या बोल्टांची फक्त डोकी तांबडी असत.

रविवार, ८ नोव्हेंबरच्या नोंदीत मी दिव्याबद्दल दोन ओळी लिहिल्या, रायभानला इंजिनाची जागा मिळाल्याची एक. शेवटची ओळ अशी आहे: रायभान जेवायला होता; भाकरी चौदा लागल्या, पीठ उद्या दळायला द्यायचं.