देवीचं बोट आणि इंटरनेटवरचे निर्भय

आमच्या घरच्या महालक्ष्मीचं उजव्या हाताचं बोट मी आहे. ही गोष्ट मी सोळा वर्षं कोणाला सांगितली नाही. आता वहीत लिहिते आहे, कारण वही मध्येच तोंड घालून "काऊन व?", म्हणजे "का गं?", विचारत नाही.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील असा नैवेद्य मांडायचा, कुंकवाचं तबक पुढे ठेवायचं आणि दार ओढून सगळ्यांनी बाहेर गप्प बसायचं. आत देवी जेवते आणि जाताना कुंकवात बोट टेकवून जाते. दार उघडलं की ठसा! मग मामाजी, म्हणजे माझे सासरे, रडतात, शेजारणी पाया पडतात आणि त्यानंतर माणसांना जेवायला मिळतं. मधल्या वेळात आत जायची मुभा फक्त सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईला, तीही स्वयंपाकघराच्या छोट्या दारातून, समईची वात सारायला.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी वात सारायला वाकले, नऊवारीत पाय अडकला आणि बोट नेमकं तबकात! पुसावं तर आणखी पसरणार. सांगावं म्हणून बाहेर आले, तोवर तिकडचं दार उघडून मामाजी ओरडले, "आली! माय आली! सूनबाईचा पायगुण पाहा!" (पायगुण कसला? पाय अडकला होता!) आता नव्या नवरीनं काय बोलावं? मी बोट पदराला पुसलं. दुसऱ्या वर्षी मुद्दाम वाट पाहिली, म्हटलं देवी स्वतः टेकवेल. तबक कोरं ते कोरंच. बाहेर सगळे भुकेले. शेवटी मीच बोट टेकवलं. त्या दिवशी माझा देवावरचा विश्वास उडाला आणि त्याच दिवसापासून देवीचं सगळं काम माझ्या अंगावर पडलं!

आता माझे दीर प्रमोदभाऊजी. बी.ए. झालेले, लग्न व्हायचं, दुपारी आमच्या किराणा दुकानात बसायचे आणि चार वाजले की आमच्या देवळी गावच्या चौकातल्या सायबर कॅफेत जायचे. तिथं ते इंटरनेटवर देव नाही म्हणून लिहायचे. नाव काय घेतलं होतं? ‘निर्भय’! हे मला माझी मुलगी पिंकी हिनं सांगितलं. तिला तिच्या मैत्रिणीनं, मैत्रिणीला तिच्या भावानं. म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

पिंकीनं मला विचारलं, "आई, नेटवर इतके लोक देव नाई म्हणून राह्यले. मंग आपल्या देवळीत एक बी काऊन दिसत नाई?"

मी म्हटलं, "तिथं खोटं नाव असते अन् सासरा नसते."

निर्भय घरी कसे? सकाळी आंघोळ करून मामाजींच्या शेजारी बसून स्तोत्र म्हणायचे. पट्टीचा आवाज! आरतीला टाळ त्यांचेच. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची उसळ दोनदा मागायचे. ती करायची कोणी? मी! देव मानणाऱ्यांचा स्वयंपाक मीच करायचा आणि न मानणाऱ्यांचाही मीच. असो. राग गिळायची सवय होती, त्या वर्षी मात्र घशात अडकला.

त्या वर्षी पिंकी अकरावीत होती. तिला वर्धेला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचं होतं. रोज एसटीनं जाणं-येणं. मामाजींनी सांगितलं होतं, "महालक्ष्म्या होऊ दे, मंग पाहू." पोरगी दिवस मोजत होती.

महालक्ष्म्या आल्या त्या संध्याकाळी हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना द्यायला फुटाणे-बत्ताशांच्या पुड्या बांधायच्या होत्या. किराणावाल्याची सून मी, पुडी बांधण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण दुकानातली रद्दी ऐनवेळी संपली! बायका दारात. तेवढ्यात दुकानातल्या साखरेच्या पोत्यामागे पांढऱ्या कागदांचा गठ्ठा दिसला, एका बाजूनं कोरा, कडक, पुडीसाठीच जन्मलेला. घेतला आणि भराभर चाळीस पुड्या बांधल्या. छापलेली बाजू आत, कोरी बाहेर, कारण प्रसाद स्वच्छ दिसावा! (इतकी अक्कल होती.)

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मंदाकाकू पुडीचा कागद दोन बोटांत, मेलेल्या उंदरासारखा धरून आल्या. मामाजींसमोर उभं राहून त्यांनी वाचायलाच सुरुवात केली, "‘महालक्ष्मी जेवते हा शुद्ध भ्रम आहे. माझ्याच घरी दरवर्षी हा तमाशा होतो. मी याच्या विरोधात छातीठोकपणे उभा आहे. तुमचा, निर्भय.’"

मामाजींचा चेहरा बत्ताशासारखा पांढरा झाला. "चाळीस घरी गेलं हे? माह्या घरून? कोण आहे हा निर्भय?"

मी भाऊजींकडे पाहिलं. छातीठोक भाऊजी टाळ पुसत होते. तीनदा पुसले.

"पुड्या कोणं बांधल्या?" मामाजी गरजले.

मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

आणि तेव्हा भाऊजी बोलले! काय बोलले? "वैनी, कागद वाचून घ्यायचा ना! चौथी झाली ना तुमची? येवढं बी वाचता येत नाई काय?"

मला काय झालं सांगता येत नाही. कानापासून टाचेपर्यंत मिरची लागली. ज्यानं लिहिलं तो मला वाचायला शिकवत होता! आमचे हे (म्हणजे नवरा) म्हणाले, "जाऊ दे, चूक झाली," आणि लगेच दुकान उघडायला गेले. आठ वाजले नव्हते, गिऱ्हाईक एक नव्हतं.

मामाजींनी निकाल दिला. "सूनबाई, तुह्या हातानं देवीचा अपमान झाला. यंदा तू सोवळ्यात यायचं नाई, पायरी चढायची नाई. स्वयंपाक तुही सासू करन. अन् ऐक. देवी जेवली तं पोरगी वर्धेले जाईन. नाई जेवली तं घराले दोष लागला, पोरगी घरी राहीन."

पिंकी माझ्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं, आई शिक्षेला घाबरली. आई घाबरली नव्हती. आई हिशोब करत होती की, देवीचं बोट तर आता घराबाहेर काढलं आहे, मग देवी जेवणार कशी?

एकच माणूस उरला होता. आरती करणारा, सोवळ्यातला आणि वर देव न मानणारा. याहून चांगला माणूस कुठं मिळणार! मी भाऊजींना विहिरीपाशी गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून त्यांच्याशी बोलले, तेही दात खाऊन.

"भाऊजी, दार लागलं की मागून आत जा अन् कुंकवाच्या तबकात बोट टेकवा."

"कोण? मी?" बादली हातातून सुटली. "वैनी, देवीच्या ताटात?"

"ताटात नाई, तबकात. सोळा वर्षं मी टेकवून राह्यली."

भाऊजी काठावर बसले. माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मीच कोणी मोठी चोर. "तुमी? अन् काई झालं नाई तुमाले?"

"झालं ना. तुमचे डबे करा लागले."

"पण वैनी, हे पाप आहे हो! देवीच्या नावानं असं खोटं..."

"तुमच्या कागदात तं देवीच नाई!"

"ते नेटवरचं येगळं असते!" भाऊजी जवळजवळ रडायलाच आले. "तिथं वाद चालते. इथं बोट सडलं मंग? माह्यं लग्न व्हायचं आहे अजून."

"पिंकीसाठी करा."

"मी मनातून तुमच्या बाजूनं आहे वैनी. पक्का." असं म्हणून निर्भय घरात पळाले. धोतर सावरत!

दुपारी दार लागलं. मी अंगणात, पायरीखाली, बाटलेली. पडवीत सगळे हात जोडून बसलेले, मंदाकाकू खास पुढे. भाऊजी डोळे मिटून एका कोपऱ्यात. मी त्यांच्याकडे पाहून दात खात होते. ऊठ की रे मेल्या! एक बोट! ते उठले नाहीत. ढिम्म हलले नाहीत. पोरीचा क्लास, पोरीची एसटी, सगळं त्या कोऱ्या तबकात बुडालं. रागानं मला दिसेनासं झालं, आणि त्या रागात मी काय करावं? मी मनात म्हटलं, "हे बघ, महालक्ष्मी, तू नाहीस हे मला माहीत आहे. पण असलीस तर आज एकदा टेकव. पाच शुक्रवार निर्जळी करीन."

दार उघडलं. मामाजी ओरडले, "आली! माय आली!"

तबकात ठसा होता. चांगला ठसठशीत! मी पायरीवर चढायची बंदी विसरले, धावत गेले, आणि सगळ्यांच्या आधी देवीपुढे आडवी पडले. डोळ्यांना धारा. सोळा वर्षं देवीचं बोट असलेली बाई ठशाला नमस्कार करत होती! मामाजी म्हणाले, "पाहा, सुनेले पश्चात्ताप झाला." मग उठताना ठसा जवळून दिसला. माझं बोट सरळ आहे. हा ठसा वाकडा होता.

माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं आहे. अडकित्त्यात सापडलं होतं कधीकाळी.

पंगत उठल्यावर मी त्यांना पान द्यायला गेले. त्या पदराला कुंकू पुसत होत्या.

"काय पाहून राह्यली?" त्या हळूच म्हणाल्या. "तू यायच्या आधी चोवीस वर्षं मीच टेकवत होती. तुह्या पहिल्या साली आत गेली तं आधीच ठसा! म्हटलं, चला, सुटली मी. पोरगी हुशार आहे."

"मंग सकाळी मामाजींसमोर बोलल्या काऊन नाई आत्याबाई?" माझा आवाज पहिल्यांदा चढला.

"तू बोलली काय सोळा वर्षं?" असं म्हणून त्यांनी पान तोंडात टाकलं.

म्हणजे एका घरात तीन नास्तिक! दोघी कुंकवात बोटं घालत होत्या आणि तिसरा इंटरनेटवर छाती ठोकत होता. जगाला दिसला कोणता? तिसरा! पुढल्या आठवड्यात पिंकी वर्धेला क्लासला गेली आणि तिथल्या कॉम्प्युटरवर काकाचं नवं लिखाण वाचून आली: ‘अंधश्रद्धेच्या घरात मी एकटा कसा लढलो.’ खाली लोकांच्या शाबासक्याच शाबासक्या. एकानं तर विचारलं होतं, तुमच्यासारखी धाडसी माणसं गावागावात का दिसत नाहीत?

दिसतील कशी? ती स्वयंपाकघरात असतात, हात कुंकवाचे असतात, आणि त्यांना कोणी विचारत नाही!

राग अजून गेलेला नाही. भाऊजींच्या उसळीत मी महिनाभर मीठ टाकलं नाही. देव नाही, हे तर मी आता आत्याबाईंच्या साक्षीनं सांगू शकते.

पाच शुक्रवार मात्र निर्जळी केले. उगाच कशाला!